डोक्यात सिनेमा नसलेली मास्तरीण

माझ्या ताईचं डोकं गेलं, तिला आता पोटच्या पोराचा चेहराही आठवत नाही, असं ज्याला म्हणायचं असेल त्याने ते माझ्या तोंडावर येऊन म्हणावं. गेल्या वर्षी असं म्हणणारे पुष्कळ निघाले होते. शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला, समोरचा औषधवाला म्हणाला, आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणाला तो माझा भाचा, म्हणजे ताईचाच मुलगा. आता सगळे मूग गिळून गप्प आहेत. पण मी गप्प बसणाऱ्यातली नाही, तेव्हा काय झालं ते नीट ऐका आणि मध्ये बोलू नका.

ताई शिंपीकाम करते. नुसतं मशीन चालवणारी नव्हे, कापड बेतणारी. बेतणाऱ्याला सगळे मास्तर म्हणतात, ती बाई म्हणून मास्तरीण. रस्त्याला लागून दुकान आणि मागे दोन खोल्या. भावजी गेल्यापासून आम्ही दोघी बहिणीच तिथे राहतो. मी काज करते, बटणं लावते, दुमड घालते आणि गिऱ्हाइकांशी भांडते. मी लग्न का केलं नाही हा वेगळा विषय आहे आणि तो मी कुणाशीही काढत नाही.

ताईची कापायची एक तऱ्हा आहे. कापड टेबलावर पसरलं की ती पुटपुटायला लागते. खांदा, खांद्यावरून मुंढा, मुंढा अर्धं बोट आत, मग बगल, बगलेतून सरळ खाली. एखादी बाई पदार्थाची कृती तोंडाने म्हणत स्वयंपाक करते ना, तसं. मुंढा म्हणजे बाही बसते ती गोलाई. मध्ये कुणी बोललं की कात्री थांबते आणि डोळे वटारले जातात. नवीन गिऱ्हाईक यायचं, हात हवेत फिरवत म्हणायचं, "मास्तरीणबाई, डोळ्यांपुढे आणा बघू, असा घोळदार फ्रॉक, कमरेला चापून बसलेला, खाली नुसत्या लाटा लाटा!" त्यावर ताई टेप गळ्यातून काढून म्हणायची, "डोळ्यांपुढे तुम्ही आणा. मला घेर सांगा."

लोक म्हणायचे, मास्तरीण फटकळ आहे. मीही तेच म्हणायचे. आयुष्य काढलं हो तिच्यासोबत, एका पांघरुणात झोपलो, एकीचे कपडे दुसरीने घातले, तरी तिच्या डोक्यात काय चालतं हे मला ठाऊक नव्हतं. ज्यांना वाटतं की आपल्या घरातलं माणूस आपल्याला आरपार कळलंय, त्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

तर गेल्या वर्षी एका सकाळी ताई दुकानात पडली. मी दोरा आणायला गेले होते. भाचा कंपनीच्या कामासाठी आला होता, आईला भेटून जावं म्हणून दुकानात शिरला, तर ही फरशीवर. त्यानेच उचललं, त्यानेच दवाखान्यात नेलं. मेंदूत रक्ताची लहानशी गुठळी होती. वेळेवर नेलं म्हणून वाचली, हे मी कबूल करते आणि त्याबद्दल त्याचे पायही धरीन. तोंड वाकडं झालं होतं ते सरळ झालं. उजव्या हाताची बोटं जड झाली होती, ती कापडाच्या चिंध्या चुरगाळून चुरगाळून तिने परत हलती केली. बोलणं तर काय, आधीपेक्षा जास्तच.

पण हॉस्पिटलच्या लोकांनी सांगितलं की एकदा आठवणीची वगैरे तपासणी करून घ्या. त्यासाठी वेगळ्या डॉक्टरीणबाई होत्या. वयाने लहान, केस बांधायला वेळ न मिळालेल्या, आणि ऐकताना खरंच ऐकणाऱ्या. मला त्या आवडल्या. पण त्या दिवशी मी आत नव्हते, आत भाचा होता.

बाईंनी आधी तारीख-वार विचारला, वस्तूंची नावं सांगून ती परत म्हणायला लावली. ताईने सगळं धडाधड सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "आता डोळे मिटा. तुम्ही तुमच्या दुकानाच्या दारात उभ्या आहात. काय दिसतंय?"

"काही नाही," ताई म्हणाली.

"घाई करू नका. टेबल, मशीन... काहीतरी दिसत असेल."

"डोळे मिटलेत ना मी? काळोख आहे."

"बरं, तुमच्या मुलाचा चेहरा आणून बघा."

"नाही दिसत," ताई म्हणाली. मुलगा हातभर अंतरावर बसला होता. त्याचा चेहरा खर्रकन उतरला असं म्हणे. बाईंनी फक्त एवढंच सांगितलं की पुढच्या आठवड्यात परत या, मला अजून थोडं बोलायचंय. पण भाच्याने त्याचा अर्थ लावायचा तो लावून टाकला.

घरी येईपर्यंत त्याचा निर्णय झालेला होता. आईची दृष्टी शाबूत पण आठवण गेली. आता दुकान बंद. आई त्याच्या घरी, दुसऱ्या शहरात, लिफ्टच्या इमारतीत, एक खोली रिकामीच आहे. मावशीचं पुढे बघू. पुढे बघू म्हणजे काय ते मला बरोबर कळतं! आणि हे सगळं बोलता बोलता त्याने दुकानाच्या शटरला कुलूप घातलं आणि किल्ल्या स्वतःच्या खिशात टाकल्या. ताई बघत राहिली. जन्मात पहिल्यांदा तिच्या दुकानाच्या किल्ल्या दुसऱ्याच्या खिशात गेल्या होत्या.

"पोरा, किल्ल्या दे," ती म्हणाली.

"आई, आता दगदग पुरे झाली," तो म्हणाला. आवाज इतका गोड की मला घाम फुटला. वेड्या माणसाशी लोक तसं बोलतात.

तो बाहेर फोनवर बोलायला गेला, तशी मी ताईला मागच्या खोलीत ओढलं. दुपारची वेळ होती, पंखा करकरत होता. मी म्हटलं, "ताई, देवाशपथ खरं सांग. तुला खरंच काही दिसत नाही?"

"दिसतंय की. तुझ्या नाकाला पीठ लागलंय."

"तसं नव्हे गं! डोळे मिटल्यावर."

"डोळे मिटल्यावर कुणाला दिसतं?"

"सगळ्यांना!"

"चल, थापा मारू नकोस."

मला आधी वाटलं ती माझी फिरकी घेतेय. मग मी डोळे मिटून सांगायला लागले. आपल्या आईची वेताची खुर्ची, तिचा एक हात उसवलेला. त्या खुर्चीत आई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मांडीवर निवडायचं सूप. मला सगळं स्वच्छ दिसत होतं, तिच्या साडीचा रंगसुद्धा. मी डोळे उघडले तर ताई माझ्याकडे अशी बघत होती, जणू माझ्याच डोक्यात गुठळी झालीय.

"म्हणजे दिसतं? खरोखर? फोटोसारखं?"

"फोटोइतकं ठळक नाही, पण दिसतं. हलतंसुद्धा."

"हलतं?" ती उठूनच उभी राहिली. "म्हणजे तुम्ही सगळे डोक्यात सिनेमा लावून रस्त्याने फिरता? आणि आपटत नाही कुठे?"

मला हसू आवरेना. तीही हसायला लागली. आम्ही दोघी म्हाताऱ्या पोट धरधरून हसलो. तिला म्हणे वाटायचं, डोळ्यांपुढे येणं, नजरेसमोर तरळणं, हे सगळं बोलायची पद्धत. पोटात कावळे ओरडतात म्हणतो म्हणून पोटात खरे कावळे असतात का? तसंच हेही, असं ती आजवर धरून चालली होती.

मग ती एकदम हसायची थांबली. "ह्यांचा चेहरा," ती म्हणाली, "तुला दिसतो?"

भावजींचा. मी खोटं बोलायला हवं होतं. पण मला खोटं सुचलं नाही. मी मान हलवली.

"माझ्या नवऱ्याचा चेहरा तुला दिसतो, आणि मला नाही. हा कुठला न्याय गं?" तिचे डोळे लालबुंद झाले. मी रडायला लागले. ती रडली नाही, खोलीत येरझाऱ्या घालत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "मला ते माहीत आहेत. उजवा खांदा उतरता. मान आखूड, कॉलर कायम टोचायची. हसण्याआधी नाक वर ओढायचे. रागावले की चपला नीट जुळवून ठेवायचे. मला त्यांचं सगळं माहीत आहे. दिसत नाही म्हणून ते माझ्यातून गेले असं कुणी म्हणू दे तर खरं."

मी डोळे पुसले आणि ठरवलं, पुढच्या आठवड्यात मी आत जाणार. बघू कोण अडवतो.

भाच्याने अडवायचा प्रयत्न केला. "मावशी, तिथे गर्दी नको." मी म्हटलं, "तू बाहेर थांब मग." आम्ही तिघंही आत जाऊन बसलो आणि बाईंनी दार लावायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. वेताची खुर्ची, सिनेमा, कावळे, सगळं. बाईंचे डोळे चमकले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"तुमच्या घरात खिडक्या किती?" त्यांनी आम्हा दोघींना एकदमच विचारलं आणि उत्तर मनात ठेवायला सांगितलं. मी डोळे मिटले, मनाने पुढच्या दारातून शिरले, भिंतीभिंतीने फिरत खिडक्या मोजल्या. ताईने डोळे उघडेच ठेवले होते. पण तिचा हात मांडीवर हलत होता. एक कडी लावल्यासारखा, मग दुसरी, एक उंचावरची म्हणून हात वर. आमची उत्तरं वेगळी आली. मी न्हाणीतला झरोका विसरले होते. पाऊस आला की तो बंद करायला ताई जाते, मी नाही!

"तुम्ही कशा मोजल्यात?" बाईंनी तिला विचारलं.

"बंद केल्या," ताई म्हणाली.

मग बाईंनी मला विचारलं, पक्षी म्हटलं की काय येतं मनात? मी म्हटलं, चिमणी. करड्या रंगाची, उड्या मारणारी. ताईला विचारलं तर ती म्हणाली, "चोच, पंख, अंडं." "कुठला पक्षी?" "कुठलाच नाही. तुम्ही पक्षी म्हणालात, चिमणी नाही म्हणालात." भाचा कपाळाला हात लावून बसला होता. त्याला वाटत होतं, आई आणखी खोलात जातेय.

बाई त्याच्याकडे वळल्या. "हे बघा, बाहेरची खुर्ची काही आपल्या डोक्यात शिरत नाही. डोक्यात तिच्या जागी दुसरंच काहीतरी असतं, तिच्याबद्दलचं. ते असतं म्हणूनच खुर्ची समोर नसतानाही आपण तिचा विचार करू शकतो. कुणाच्या डोक्यात ते चित्राच्या रूपात असतं. कुणाच्या डोक्यात सांगितलेल्या गोष्टीच्या रूपात, चार पाय, एक पाठ, बसायला जागा. कधी ते अंगात असतं, की एवढं वाकलं म्हणजे टेकता येतं. बहुतेकांकडे सगळ्याची मिसळ असते. काहींकडे चित्रं अजिबात नसतात आणि त्यांचं काही अडतही नाही."

"फोटो नाही, मापं आहेत," ताई म्हणाली.

"असंच म्हणू या. आणि एक लक्षात घ्या, दोन्ही चुकू शकतात. मापं चुकतात तशी चित्रंही चुकतात. चित्र ठळक आहे म्हणून ते खरं, असं नसतं. खरं आहे का ते बाहेर जाऊन ताडून बघावं लागतं."

मला हे फार पटलं. भाचा मात्र ऐकत नव्हता. "पण हे आधीपासून होतं कशावरून?" त्याने विचारलं. "आधी दिसत असणार, आता पुसलं गेलं असणार. सगळ्यांना दिसतं."

आणि इथे बाईंनी मला निराश केलं. त्या म्हणाल्या, "हा प्रश्न बरोबर आहे. आठवण चांगली आहे, त्यात शंका नाही. पण चित्रं पूर्वी दिसत होती आणि झटक्यानंतर गेली, असं असेल तर मला मेंदूची आणखी तपासणी करावी लागेल, आणि तोवर एकटीने काम नको असंच मी सांगेन. जन्मापासून नसतील तर ती त्यांची घडण आहे, डावखुरं असण्यासारखी. ते मला इथे बसून कळणार नाही. तुम्ही सांगा."

"मी सांगते ना!" मी म्हटलं.

"मावशी, तू गप्प बस," भाचा म्हणाला. "दुकान बंद झालं तर तुझं काय, म्हणून तू बोलणारच."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ज्याचं नाक मी पुसलं, ज्याच्या शाळेच्या पॅन्टचे गुडघे मी रफू केले, तो मला हे म्हणतो! दुसरी वेळ असती तर मी तिथेच तमाशा केला असता. पण ताई माझ्याकडे बघत होती. स्वतःच्या डोक्यात एखादी गोष्ट कधीच नव्हती हे माणूस सिद्ध करणार तरी कसं? नसलेल्या वस्तूची पावती असते का कुठे? आणि त्या रागातच मला बॅण्डचे कोट आठवले.

"बॅण्डमास्तरचे कोट," मी भाच्याला म्हटलं. "आठवतात? शाळेत होतास तू. लाल कापड, सोनेरी बटणं."

त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. बाईंना काही कळेना, म्हणून मी त्यांना सांगितलं. गावातल्या बॅण्डच्या मास्तराने वाजवणाऱ्या सगळ्यांसाठी कोट शिवायला टाकले होते. त्याला नमुना म्हणून एक जुना कोट मिळाला होता, तो परत द्यायचा होता. तेव्हा पठ्ठ्याने तो अंगात घातला, घरच्या आरशासमोर उभा राहिला आणि आरशात बघून सगळं पाठ केलं. बटणं कुठल्या बाजूला, पट्टा कुठल्या खांद्यावर, खिसा कुठे. आणि येऊन ताईला तेच सांगितलं. उलटं! ताई म्हणाली, पुरुषांचा कोट असा नसतो हो. तो म्हणाला, "मास्तरीणबाई, हा गणवेश आहे, ह्याची रीत वेगळी." ताईने खांदे उडवले आणि कापायला घेतलं.

"सगळे भाग कापून झाले," मी बाईंना म्हटलं, "तेव्हा मी डोळे मिटले आणि मला अख्खा बॅण्ड रस्त्याने येताना दिसला. सगळ्यांची बटणं बायकांच्या बाजूने. मी ताईला म्हटलं, अगं, हे फार विचित्र दिसेल. त्यावर ही काय म्हणाली? सांग की रे तूच."

भाचा खाली बघत हळूच म्हणाला, "दिसेल म्हणजे? अजून शिवलेत कुठे!"

"हेच!" मी टेबलावर हात आपटला. बाईंच्या पाण्याचा पेला हलला. "आणि आम्ही दोघं, मी आणि हा, दिवसभर हसत होतो. आम्हाला वाटलं, काय वेळेवर टोला हाणला ताईने! तिने टोला हाणलाच नव्हता हो. तिला खरंच कळत नव्हतं की न शिवलेला कोट दिसतो कसा. शिवून खुंटीला टांगले तेव्हा ती समोर उभी राहिली आणि म्हणाली, अरे देवा, हे विचित्र दिसतंय!"

"बॅण्डमास्तर काय म्हणाला?" बाईंनी विचारलं.

"तो म्हणाला, घाला तसेच. कुणी हसलं तर जोरात वाजवा," ताई म्हणाली. बाई खळखळून हसल्या. भाचाही हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा कसनुसा झाला. त्याला पुरावा मिळाला होता, तोही स्वतःच्याच तोंडून.

बाईंनी सांगितलं की आता वेगळी तपासणी नको. रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही, स्टुलावर चढायचं नाही, दुकानात एकटीने बसायचं नाही, बहीण सोबत असू दे. बाकी काम करा. मी भाच्याकडे बघितलं. मला वाटलं, जिंकलो! किल्ल्या आता निघतील खिशातून.

कसल्या निघतात? तो गाडीत बसला तो किल्ल्या खिशातच ठेवून. ताई म्हणाली, "दुकानाशी थांबव." त्याने थांबवली. आम्ही उतरलो, शटरसमोर उभे राहिलो. तो किल्ल्या हातात घेऊन नुसता उभा. मी तोंड उघडलं तशी ताईने मला हाताने थोपवलं.

"डॉक्टरीणबाई ठीक आहे म्हणाल्या ना?" तिने विचारलं.

"म्हणाल्या."

"मग?"

"मला नाही ना जमत, आई." त्याचा आवाज फुटला. एवढा मोठा माणूस, पन्नास लोकांवर साहेबी करणारा, रस्त्यात उभा राहून रडायला लागला. "तुला दिसत नाही, पण मला दिसतं. तू त्या फरशीवर पडलेली. तोंड एका बाजूला, हातात कात्री तशीच. जेवायला बसलो की दिसतं. मीटिंगमध्ये दिसतं. मुलीला झोपवताना दिसतं. तू माझ्या घरात असलीस तर मी उठून तुझ्या खोलीत बघून तरी येईन. इथे ठेवून गेलो तर ते बंदच होणार नाही."

माझा सगळा राग मावळला. हे पोर इतके दिवस हे घेऊन फिरत होतं आणि मी त्याला मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्या होत्या! मला वाटलं, आता ताई विरघळणार. जाईल ती त्याच्याबरोबर. कुठली आई नाही जाणार?

ताईने पदराने त्याचं तोंड पुसलं, अगदी लहानपणी पुसायची तसं, रगडून. मग म्हणाली, "फार वाईट रे. मला असं काही असतं हेच ठाऊक नव्हतं. मीही तिथेच होते, आणि माझ्याकडे त्यातलं काही नाही. मी पडले हे मला माहीत आहे. मी उठले हेही माहीत आहे."

"मला फक्त पडलेलीच दिसते."

"दिसणारच. तुझ्या डोक्यातली ती बाई पडलेलीच राहणार, कारण तिला उठता येत नाही. मला येतं." तिने हात पुढे केला. "ती मी नव्हे, पोरा. तुला तिला घरी न्यायचं असेल तर खुशाल ने, खोली दे, लिफ्टने वर-खाली फिरव. तिच्यासाठी मी माझं दुकान बंद करणार नाही. किल्ल्या."

त्याने किल्ल्या दिल्या. मी आणि ताईने मिळून शटर वर ढकललं. आत नुसती धूळ आणि कोंदट वास. टेबलावर तेव्हाचं कापड तसंच पडून होतं, निम्मं कापलेलं. भाचा उंबऱ्याबाहेरच थांबला. त्याची नजर एका जागी खिळली होती आणि पाय पुढे येत नव्हता.

ताईने ते बघितलं. ती दुकानाच्या मधोमध गेली आणि फरशीकडे बघत गोल फिरली.

"कुठे पडले होते मी? मला ठाऊक नाही. तू दाखव."

"आई, नको ना."

"दाखव म्हणते ना."

त्याने बोट दाखवलं. टेबलाच्या कोपऱ्याशी, मशीनच्या पायाजवळ. ताई तिथे गेली. "इथे?" "थोडं अलीकडे." ती थोडी अलीकडे सरकली, दोन्ही पाय फरशीवर घट्ट रोवले, गळ्यात टेप अडकवला आणि उजव्या हातात कात्री घेतली. बोटं अजून पुरती वळत नव्हती, तरी तिने कात्री हवेत उघडून मिटून दाखवली.

"बघ आता," ती म्हणाली. "डोळे मिटून नाही, उघडे ठेवून."

तो बघत राहिला. मीही बघत राहिले. ती हलली नाही, आमच्या दोघांच्या रडण्याला तिने जराही भाव दिला नाही. मग तिने कापड पुढे ओढलं, खडूची जुनी रेघ बोटाने चाचपली आणि पुटपुटायला सुरुवात केली. खांदा, खांद्यावरून मुंढा. मध्येच थांबून तिने मान वर केली.

"झालं ना बघून? मग सरक बाजूला. उजेड अडवतोयस."